करवत्याचा डावा हात

१४ जून २०२५, शनिवार

काजवा विकला गेला!

गुंजनचा फोन आला तेव्हा मी कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावत होते. हात तसेच पिवळे, फोन खांद्याने कानाशी दाबलेला. "काकू, झालं. अष्टवज्रने घेतलं आम्हाला. सकाळी मेल आला, दुपारपर्यंत आमची कार्डं काढून घेतली." पुण्याची पोर, एरवी घडाघडा बोलणारी—आज दर वाक्यानंतर थांबत होती.

मी विचारलं, "आणि करवत्या?"

"तोही गेला, काकू. काजवाकडे होतं ते सगळंच गेलं."

पोरीची नोकरी गेली आणि मी विचारलं काय, तर करवत्या! फोन ठेवल्यावर लाज वाटली. पुन्हा लावला, नीट चौकशी केली. आईकडे जाऊन राहीन म्हणाली.

पाच वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोघे आले होते आमच्या हुडकेश्वरच्या घरी, तोंडाला मास्क बांधून. आधी अष्टवज्र ह्या बड्या सिनेमा कंपनीची दोन माणसं, मुंबईहून. "आम्हाला तुमच्या वारशाचा आदर आहे," म्हणाले. ह्यांनी काढलेल्या करवत्याच्या चित्रकथेच्या चाळीस अंकांपैकी एकही वाचलेला नव्हता. मग काजवा स्टुडिओची गुंजन. चाळीसच्या चाळीस वाचून आलेली. सावजी रश्श्याने नाकाडोळ्यांतून पाणी, तरी ह्यांना विचारते, "काका, तेविसाव्या अंकात तो विहिरीतून बाहेर कसा आला, ते तुम्ही सांगितलंच नाही." हे किती हसले! इतक्या वर्षांत कोणी पकडलं नव्हतं.

सिनेमा काढायला आम्ही करवत्याला तिच्या हाती दिला. तरी अष्टवज्रने आणखी दोनदा माणूस पाठवला. दारात दोघे असले की दोघेही चपला बाहेर काढतात, तब्येत विचारतात. आता एकच उरला. तो कशाला येतो आपल्या दारात?

ह्यांना सांगितलं. कंपवाताने उजवा हात मांडीवर थरथरत होता, तो डाव्याने दाबून धरला. मग म्हणाले, "एका हातानं धोटा फेकता येते वं. कापड नाही होत. पलीकडून झेलणारा हात लागते."

मागावर आडवं सूत नेणारा धोटा फेकत वाढलेला माणूस. मला ह्याहून जास्त कोणी समजावून सांगू शकलं नसतं.


१६ जून

लोणच्याची बरणी भरली. मन लागत नाही. जुनं आठवतं, ते लिहूनच काढते.

१९८४. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासऱ्यांचा तांडापेठेत हातमाग. हे चौकड्यांच्या कागदावर साडीच्या काठांची नक्षी काढून द्यायचे. त्या चौकड्यांतूनच एक दिवस करवत्या उठून उभा राहिला—खांद्यावर करवतीच्या दातांसारख्या करवती काठाचा शेला, हातात मागाचा धोटा. धोटा फेकला की सूत सुटणार, दुष्ट माणूस त्यात गुंडाळला जाणार आणि धोटा परत हातात. उडता येत नाही, अंगात वीज नाही. बस चुकली तर हा वीर पायी जायचा! महाल भागातल्या एका छापखान्याने अंक काढायचं कबूल केलं. चित्रं ह्यांची. कुठे कोणता रंग ते आकडे मी भरायचे, आणि मुलांच्या पत्रांना उत्तरंही मीच लिहायचे.

पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ छापून आलं आणि हे कपाळाला हात लावून बसले. चित्राची फिल्म उलटी लागली होती! अक्षरं वेगळी लावलेली, म्हणून ती सरळ. करवत्या मात्र आरशातला. धोटा डाव्या हातात! फिल्म लावणारा चंद्रभान कान धरून उभा. "बाबनभाऊ, मले लहानपणापासून डावा-उजवा उमजतच नाही जी."

हे म्हणाले, पुढच्या अंकात सरळ करतो.

मी म्हटलं, नको.

का, ते त्या वेळी ह्यांनाच सांगितलं होतं. नंतर पुतणीला, प्रणालीला, ती शाळेत असताना. वहीत कधी लिहिलं नाही. कॉन्व्हेंटात पहिलीत मी डाव्या हाताने लिहायचे. सिस्टर बर्नाडेट तो हात रुमालाने बाकाला बांधायच्या. मारायच्या नाहीत कधी. गाठही अगदी सैल. मधल्या सुट्टीत स्वतः सोडायच्या, माझं मनगट चोळून द्यायच्या आणि म्हणायच्या, "गुड गर्ल." मला त्या फार आवडायच्या. त्यांच्या अंगाला साबणाचा वास यायचा. आज हे पानही उजव्याच हाताने, त्यांनी दिलेल्या वळणाने लिहिते आहे. सगळे म्हणतात, काय सुरेख अक्षर!

करवत्या डावखोराच राहिला. नरखेडकडच्या एका खेड्यातून पत्र आलं होतं, अजून पाठ आहे—"दीप्तीताईस नमस्कार. मी डाव्या हाताने लिहितो म्हणून गुरुजी मारतात. मी त्यांना तुमचा अंक दाखवला. आता पण मारतात, पण कमी."


१७ जून

लोणचं खारट झालं. मीठ दोनदा पडलं.


३ जुलै

अष्टवज्रला आठवा फोन. आज पहिल्यांदा माणूस बोलला. मुलगा नम्र होता, खोटं का बोलू.

"मॅम, तुमचा ॲसेट आमच्या लायब्ररीत एकदम सेफ आहे."

"त्याचा सिनेमा काढणार का?"

"सध्या प्लॅनमध्ये नाही."

"मग दुसऱ्या कोणाला काढायला द्याल का?"

तो हसला. कुत्सित नाही, त्याला खरंच गंमत वाटली. "दुसरं कोण आहे, मॅम?"

चारशेच्या वर सुपरहिरो आहेत म्हणे त्यांच्याकडे. सिनेमे दहा-बाराजणांचेच निघतात, तेही एकाच साच्यातले—शेवटी शहर कोसळतं आणि सगळे उरलेल्या गच्चीवर उभे राहून विनोद करतात. बाकीचे कुलपात. काढायचे म्हणून घेतलेले नाहीत. दुसऱ्याने काढू नयेत म्हणून घेतलेले!

तेव्हा आमच्या छापखान्यासमोरच्या गल्लीत असलेलं विहंग चित्रकथा आठवलं. त्यांचा वीर उडायचा. एका अंकात त्याने "जमिनीवर सरपटणाऱ्या विणकराची" टर उडवली. हे रात्रभर झोपले नाहीत आणि पुढच्या अंकात एका उडणाऱ्या माणसाला विजेच्या तारांत अडकवला. करवत्याने खाली उभं राहून त्याला विचारलं, "भाऊ, शिडी आणू काय?" सबंध महाल हसत होता. पण आमचा कागद संपला की विहंगकडूनच रिमं यायची, आणि त्यांचं मशीन बिघडलं की चंद्रभान तिकडे.

विहंग बंद पडलं त्या दिवशी आम्ही पेढे वाटले नाहीत. वाटावेसे वाटले होते, हे खरं. दोन वर्षांत आम्हीही बंद. ह्यांनीच एकदा सांगितलं होतं, "समोर कोणी नव्हतं, तं मी आळशी झालो. तोच तो अंक काढत राहिलो."

एकेचाळिसावा अंक छापलाच नाही. त्याची कथा पत्र्याच्या पेटीत आहे, १९९१ पासून. त्यात करवत्या म्हातारा झालेला असतो. त्याचा हात थरथरतो आणि एका लहान मुलीला तो धोटा फेकायला शिकवतो. तेव्हा ह्यांचा हात कसा स्थिर होता! एका दमात वर्तुळ काढायचे.

आता आपलाच करवत्या आपल्याला कागदावर छापता येत नाही. करार.


१९ जुलै

प्रणाली आली होती. धाकट्या दीरांची मुलगी. दीर गेले तेव्हा आठ वर्षांची, आमच्याच घरी वाढली. आम्हाला मूल नाही असं लोक म्हणतात. मी कधी म्हटलं नाही.

परसोडीला आयटी पार्कात तिचं ऑफिस. सिनेमांतली चित्रं कॉम्प्युटरवर साफ करून, जोडून देतात. चेहरा अगदी उतरलेला.

"मोठी आई, पहिले कसं होतं, अष्टवज्रनं डोळे वटारले की आमचे सर काजवाचं काम घेत. काजवानं उशीर केला तं यांचं. आता एकच मालक. तो म्हणते रविवारी या, तं रविवारी या. अर्धे लोक कमी केले. विक्कीले बी काढलं. त्यानं हात वर करून एकच विचारलं होतं, जेवायची सुट्टी किती."

"तू काही विचारू नकोस गं."

"मी काहून विचारू? मी तं जेवतच नाही."

हसली. मी दोन पोळ्या जास्तीच्या वाढल्या. कोणतं काम चालू आहे विचारलं तर ओठांवर बोट. कागदावर सही करून दिली आहे, सिनेमा लागेपर्यंत घरीही बोलायचं नाही.

आमच्या घरात आता सगळ्यांच्याच सह्या झालेल्या आहेत.


८ ऑगस्ट

देवा, खरं असू दे!

कराराची प्रत घेऊन धंतोलीत सुशील वकिलांकडे गेले होते. आशा म्हणून नाही. एकदा कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं, एवढ्यासाठीच. ते वाचता वाचता थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मॅडम, हे कलम कोनं टाकलं?"

गुंजनने. पाच वर्षांच्या आत करवत्या "मान्य रूपात" पडद्यावर आला नाही, तर तो मूळ मालकांकडे परत. मालक बदलला तरी कलम तेच. मुदत २ नोव्हेंबर २०२५!

मान्य रूप म्हणजे काय, त्याचं वेगळं पान मागे जोडलेलं. ते माझ्याच अक्षरात! गुंजन म्हणाली होती, "काकू, करवत्यात जे कधीच बदलू नये ते तुम्हीच लिहा." मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. करवती काठाचा शेला. हातमागाचा धोटा. आणि तो डावखोरा आहे. तिसऱ्याखाली दोन रेघा. तिन्ही असतील तरच तो करवत्या. पुरी विसरले होते मी हे पान.

सुशीलभाऊ म्हणाले, "पन कोनाले बोलू नका. घरात बी नाही. बाबनरावले नाही, पुतनीले तं बिलकुल नाही, ते त्यायचंच काम करते ना? एक शब्द जरी तिकडे गेला, तं दोन मिनिटाचं काहीतरी काढून मोकळे होतीन. चूपचाप दोन नोव्हेंबर येऊ द्या."

चूप बसणं मला येतं. बारा वर्षं तेच शिकवलं शाळेत.


ऑगस्ट, मारबतीचा दिवस

टीव्हीवर मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. मुलं ओरडत होती—ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! मीही मनात एक नाव जोडलं. हे म्हणाले, "काय पुटपुटून राहिली वं?" म्हटलं, काही नाही, मच्छर फार झालेत.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी प्रणाली आली. फोनवर अष्टवज्रच्या दिवाळीच्या सिनेमाची जाहिरात आली होती. "मोठे बाबा, पाहा," एवढंच म्हणाली. आवाज वेगळा होता.

कोसळणाऱ्या इमारती, धूर, आणि मग—करवत्या! तोच शेला, तोच काठ. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. हात वर, हातात धोटा.

उजवा हात.

"उजवा!" मी ओरडलेच. तिने परत लावून दाखवलं. उजवाच. एकेचाळीस वर्षं मोकळा असलेला माझा हात पुन्हा बांधला कोणीतरी. मला रडू आवरेना. तोंडात पदर कोंबला तरी आवरेना, पोरीसमोर!

ह्यांनी फोन नीट धरून पाहिला. म्हणाले, "हा कोन होय? मी नाही ओळखत." आणि उठून अंगणात गेले.

प्रणाली माझ्याकडे बघत राहिली. गेली तेव्हा पाणी प्यायचीसुद्धा राहिली होती.


१३ सप्टेंबर

वेडी मी! कशासाठी रडले काल!

सुशीलभाऊंना फोन केला तर ते खुर्चीतून उठलेच असावेत. "उजवा? पक्कं उजवा? मॅडम! म्हनजे ते पान त्यायनं वाचलं, म्हनून घाईघाईत याले घुसवला. पन अर्धंच वाचलं! शेला आहे, धोटा आहे, हात नाही. मान्य रूप नाही. तसाच लागू द्या सिनेमा. तीन नोव्हेंबरले मी स्वतः नोटीस टाकतो."

आता मी रोज प्रार्थना करते की तो उजवाच राहो. काय वेळ आली! ज्या हातासाठी भांडले, त्याच्याविरुद्ध मेणबत्ती लावायची.

करवत्या परत आला की पेटी उघडायची. एकेचाळिसावा अंक ह्यांनी सांगायचा, प्रणालीने काढायचा. रंगांचे आकडे मी भरीन. दिसतं अजून.


२८ सप्टेंबर

प्रणाली रविवार असूनही कामावर. जाता जाता तर्री-पोहे घेऊन आली. डोळ्यांखाली काळं. ह्यांची कंपवाताची गोळी वाढवली आहे, डॉक्टर म्हणाले हिवाळ्यात बघू. पोहे उचलताना चमचा तोंडापर्यंत जाईना, तेव्हा प्रणालीने अगदी सहज, आपलंच बोलणं चालू ठेवून, भरवले.

मध्येच मला म्हणाली, "मोठी आई, त्या उजव्या हाताचं तुले लयच लागलं ना?"

मी म्हटलं, "हो गं. लागणार नाही?"

खोटं नव्हतं. पण पुरं खरंही नव्हतं. सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, अर्धं खरं सांगणाऱ्याला कन्फेशनमध्ये दुप्पट वेळ लागतो.


२ ऑक्टोबर, दसरा

विणकराच्या घरी आज मागाची पूजा. माग जाऊन तीस वर्षं झाली, पण धोटा आहे. ह्यांनी तो मागितला. पाटावर ठेवला, कुंकू लावलं. हात हलला आणि कुंकू पाटभर सांडलं. आपट्याचं पान धोट्यावर ठेवून म्हणाले, "घे गा, सोनं घे. तुह्या मालकाले तं विकून टाकलं आमी."

जीभ चावून धरली. सांगू का? सांगून टाकू का, की महिनाभर फक्त? डोळे असे होते ह्यांचे!

नाही सांगितलं.


१९ ऑक्टोबर

चौदा दिवस.


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं लिहिते.

दुपारचा खेळ. प्रणालीने तिकिटं आणली, ह्यांना धरून नेलं. सहाच्या सहा पडद्यांवर तोच सिनेमा, सकाळी नऊपासून. तिकिटाच्या खिडकीपाशी एक बाई विचारत होत्या, मराठी कोणता लागला आहे? तो म्हणाला, काढला, पुढच्या महिन्यात बघा. आमच्या पुढच्या रांगेत एक तान्हं बाळ घेऊन आलेले नवरा-बायको. दुसरीकडे जातील कुठे?

दीड तास धूर आणि विनोद. मग खलनायक एका शहरात उतरतो. कुठलंही शहर, नाव नाही. त्याची ताकद दाखवायची असते म्हणून तिथला एक वीर समोर येतो. करवती काठाचा शेला. मागे वळतो. हात वर नेतो.

डावा!

मी खुर्चीचा हात घट्ट पकडला. डावा. धोटा डाव्या हातात. हे काढायचे तसाच कोपर कानाजवळ, अंगठा खाली. धोटा गेला, सूत सुटलं. खलनायकाने ते दोन बोटांनी तोडलं आणि करवत्या पडला. धोटा परत आला नाही. एकाही अंकात असं झालं नव्हतं. शेल्यावरून धूर गेला आणि सिनेमा दुसऱ्या शहरात.

मागून कोणीतरी जोरात शिट्टी मारली. आमच्याच वयाचा असावा, कोणीतरी जुना वाचक. हे उठून उभेच राहिले. "डावा! अरे डावा आहे! पाहा वं दीप्ती, तुहा हात!" चारचौघांत नावाने हाक मारली मला, त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मागचे लोक ओरडले, "बाबूजी, बैठो ना!" हे बसले. गालावरून पाणी वाहत होतं. तो मेला हे ह्यांना दिसलंच नाही की काय, कोण जाणे. प्रणाली एका बाजूने ह्यांचा हात धरून, दुसऱ्या बाजूने माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी हसले. काय करणार? हसले.


२५ ऑक्टोबर

सुशीलभाऊ स्वतः जाऊन सकाळचा खेळ पाहून आले. "अकरा सेकंद, मॅडम. शेला, धोटा, डावा हात. तिन्ही. कलमात किती वेळ ते लिहिलं नाही, आन् जिवंत राहिला पाहिजे असं बी नाही लिहिलं. संपलं. आता तो कायमचा त्यायचा."

"आणि ते त्याचं करतील काय?"

"मेलेल्याचं काय करतीन?"

उजवाच राहिला असता तर आपला होता. जाहिरातीत उजवा होता ना! ते पान माझ्या अक्षरातलं, दोन रेघा मारलेलं. एवढ्या मोठ्या कंपनीत बसून कोणी वाचलं असेल ते शेवटपर्यंत? कोणाला आठवला असेल माझा डावा हात? विचार करून डोकं दुखतं.


२८ ऑक्टोबर

ह्यांना काहीच सांगितलेलं नाही. मुदत, कलम, काहीच नाही. हे खुश आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आपला करवत्या आला ना पडद्यावर! डावाच ठेवला त्यायनं. इमानदार लोक आहेत." शेजारचे बाबूजी म्हणाले, पण मारला ना लगेच? हे म्हणाले, "मरते कसा? पुढच्या अंकात उठते ना तो."

पत्र्याची पेटी पलंगाखाली आत सरकवली, भिंतीपर्यंत.


२ नोव्हेंबर, रविवार

आज मुदत संपली.

दुपारी प्रणाली आली, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. हे झोपले होते. स्वयंपाकघरात माझ्याजवळ खाली बसली. "मोठी आई, आता सिनेमा लागला, आता सांगता येते. तो शॉट माह्याच टेबलावर होता. जाहिरात पाहून तू रडली ना, तवाच ठरवलं मी. सरले म्हटलं, मागच्यापुढच्याशी दिशा जुळत नाही, याले उलटा करतो. एकच बटन आहे, मोठी आई. आरशासारखं फिरते. ते म्हणाले कर, अकरा सेकंदाले कोन पाहते!"

कॉलेजचा निकाल घेऊन आली होती तेव्हा असाच चेहरा होता तिचा.

"तुह्यासाठी केलं. बरं केलं ना?"

मी तिचं मनगट हातात घेतलं. हळूहळू चोळलं. म्हटलं, "गुड गर्ल."